बिनसायीचा चहा

प्रिय अक्षता,

फोन का केला नाही म्हणून आधी रागावून घे आणि मग पुढे वाच. फोनवर सांगण्यासारखं हे नाहीच. आमच्याकडे फोन वाजला की सासूबाई म्हणतात, "स्पीकरवर टाक, मला बी ऐकू दे," आणि पुण्याहून आलेला फोन तर सगळ्या गल्लीच्या मालकीचा असतो. शिवाय तूच म्हणालीस, "वंदे, खरं खरं सांग, माझं मन राखू नकोस." खरं सांगायला मला जरा निवांतपणा लागतो. आता दुपार आहे. मिरचीच्या बियाण्याच्या क्रॉसिंगचं काम सकाळ-संध्याकाळ, दुपारी मिरचीही गप्प आणि बायकाही गप्प. शेडनेटच्या कडेला पोत्यावर बसून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर हे पत्र तुझ्या वडिलांना दाखवू नकोस. सरांनी सातवीत माझ्या अक्षराला दिलेली शाबासकी परत घेतील ते.

तर तुझा सिनेमा गावाने पाहिला. अख्ख्या पिंपळगाव रेणुकाईने नाही, पण हॉल भरला. तू माझ्या गळ्यात काय बांधून ठेवलं होतंस ते आधी आठव. पुण्यातल्या जाणकारांना 'सावलीची जाळी' आवडला, पण जे थिएटरात लावणार ते म्हणाले, शेवटी नायकाने एकदा तरी तोंड उघडायला हवं, नाहीतर लोकांना कळणारच नाही की याचं तिच्यावर प्रेम आहे. तू लगेच ओळही लिहून पाठवलीस. "तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून." आणि मला सांगितलंस, गावात दाखव, लोकांना शेवट कळला नाही तर दिवाळीनंतर कॅमेरा घेऊन येते आणि मच्छिंद्रभाऊंकडून तेवढी ओळ म्हणवून घेते. कळला तर सिनेमा आहे तसाच राहील. म्हणजे निकाल माझ्यावर, आणि ओळ माझ्याच नवऱ्याच्या तोंडी. बाई, मैत्रिणीला असं कोणी कात्रीत पकडतं का?

नायकही काही आमच्या घरात आपणहून आला नव्हता. नायिका मी हे तू आधीच ठरवलं होतंस, फुलाला दोरा बांधणारे हात खरे हवेत म्हणून. नायक मात्र पुण्याहून आणलास, गोरापान, केसांना तेल न लावणारा. त्याने पहिल्याच दिवशी मिरचीचे हात डोळ्याला लावले आणि संध्याकाळच्या गाडीने गेला बिचारा, रडत. तू डोक्याला हात लावून बांधावर बसलीस आणि तेवढ्यात पाठीवर फवारणीचा पंप घेऊन हे समोरून आले. मी तुला सांगितलं, अगं हा माणूस घरी बोलत नाही, सिनेमात काय बोलणार. तू म्हणालीस, मला तसाच हवाय. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या नवरा-बायकोला तू अनोळखी माणसं केलंस. मी एकटी बाई, हंगामापुरती कामाला आलेली, आणि हे नर-फुलं गोळा करणारा गडी. गावात हसू झालं ते झालंच. आमच्या क्रॉसिंगच्या बायकांतली सगळ्यात जुनी गोजरबाई तर म्हणाली, "आता नवऱ्याची वळख करून घ्यायला सिनेमा लागून राह्यला का तुला?"

हॉल बुद्धविहाराशेजारचाच घेतला. तुझ्या वडिलांनी, म्हणजे आपल्या अण्णासाहेब सरांनी, शाळेच्या जुन्या सवयीने घरोघरी जाऊन सांगितलं, आणि सर दारात आल्यावर कोणाची नाही म्हणायची हिंमत? खिडक्यांना आम्ही शेडनेटचंच कापड दुहेरी करून लावलं, त्यामुळे आत हिरवा उजेड आणि सगळ्यांचे चेहरे कच्च्या मिरचीसारखे. सासूबाई विहाराच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच आल्या. येऊ की नको असं त्यांचं दोन दिवस चाललं होतं. शेवटी सूनबाई पडद्यावर काय करते ते बघायला आल्या, तुझ्या आईच्या, सत्यशीलाकाकूंच्या हातचा चहा घेतला, आणि मग दुसरा मागून घेतला. काकूंच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते तुला लिहून कळणार नाही. घरी येताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या इथला पंखा बराबर लागतो गं." आता रोज सिनेमा असला तरी त्या जातील.

सिनेमा सुरू झाला. पहिली दहा मिनिटं कोणी काहीच बोलत नाही म्हटल्यावर मागे बसलेल्या पोरांना वाटलं आवाज गेला. कल्याण उठून मशीनपाशी जाऊन आला. तू त्याला ओळखतेस, आमच्या शेजारचा, जालन्याच्या एमआयडीसीत स्टील मिलमध्ये असतो, सुट्टीला मोटारसायकलवर येतो. त्याला सांगितलं, बाबा आवाज आहे, नीट ऐक, पाखरं ओरडतायत. तर म्हणाला, "पाखरं तर बाहेर फुकट ओरडून राह्यलेत, वहिनी. गाणं कधी हाय?" थोड्या वेळाने विचारलं, मारामारी कधी आहे. मग तो बाहेर गेला, आणि मला वाटलं गेला हा. पण पाऊण सिनेमा झाल्यावर आला आणि दारातच उभा राहून शेवटपर्यंत पाहिला. त्याने काय केलं ते पुढे सांगते.

गोजरबाईने सिनेमा पाहिला तो मुकादमासारखा. संध्याकाळी कळी उघडून आतले नर म्हणजे पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलांच्या परागाची पावडर लावायची, मग देठाला लाल दोरा बांधायचा, हे सगळं तू इतकं सावकाश आणि इतकं जवळून दाखवलंस की तिला राहवेना. "वंदना, दोरा ढिला हाय!" असं ती पडद्यावरच्या मला ओरडून सांगत होती. आणि जिथे मी दोरा बांधता बांधता थांबते आणि तिकडे नर-फुलं वेचणाऱ्या यांच्याकडे बघत राहते, तिथे पुण्याच्या लोकांचा श्वास अडकला असं तू सांगितलं होतंस ना? इथे गोजरबाई म्हणाली, "बघत काय बसलीस, जल्दी कर, ऊन चढलं तर पावडर वाया जाती." अख्खा हॉल हसला. अण्णासाहेब सरांनी उभं राहून शांत बसायला सांगितलं, तर लोक खरंच हाताची घडी घालून बसले. सरांच्याच वर्गातले ना सगळे.

आणि मग तो चहाचा प्रसंग आला. अक्षता, हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि पुण्यातल्या एकाही शहाण्याच्या नाही. सिनेमात आम्ही दोघं पहिल्यांदा भेटतो, बांधावर. सगळ्या मजुरांना चहा वाटायचं काम माझ्याकडे. मी किटलीतून कप भरते, एकेकाला देते, यांचा कप भरते, त्यावर साय धरलेली असते, ती बोटाने अलगद काढते आणि कप यांच्या हातात देते. यांना चहावर साय चालत नाही. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात कळलं, कप तोंडाला लावून यांनी जे तोंड केलं त्यावरून. तेव्हापासून रोजचं आहे, हाताला सवय आहे, कॅमेऱ्यासमोरही हात चालून गेला. तू तर मला सांगत होतीस की एका बाईंनी त्या प्रसंगावर पानभर लिहिलं, बोटाची ती हालचाल म्हणजे परक्या माणसाबद्दलचा नकळतचा जिव्हाळा वगैरे. इथे काय झालं सांगू? गोजरबाई ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं आज तर भेटलीस, अन् त्याला साय चालत न्हाई हे तुला कुणी सांगितलं?"

असा हशा पिकला की छतावरची कबुतरं उडाली. कोणी शिट्टी वाजवली. सासूबाई तोंडाला पदर लावून गदगदा हलत होत्या. मी म्हणजे मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुझा एवढा गंभीर सिनेमा, आणि माझ्या एका बोटाने त्याची लाज काढली. मी यांच्याकडे बघितलं. हे हसत नव्हते. पडद्याकडे बघत होते, आणि मग उठले आणि लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर निघून गेले. परत आलेच नाहीत. शेवट यांनी पाहिलाच नाही.

शेवटाबद्दल गावात अजून एकमत नाही. हंगाम संपतो, जाळी काढतात, मी पिशवी घेऊन निघून जाते, आणि यांना आपल्या डब्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला सापडतो. बस. दिवे लागले तरी लोक बसून होते, पुढे आहे असं समजून. मग भांडण लागलं. सासूबाईंचं म्हणणं, ती गेली, संपलं, बाईच्या जातीला जावंच लागतं, आणि त्यांनी डोळे पुसले. गोजरबाई म्हणाली, "येडी का तू तुळजाबाई? लाल दोरा बांधला म्हंजे फूल पक्कं झालं, आता त्याला कुणी हात लावत न्हाई. लगीन लागलं त्यांचं." यावर दोघी इतक्या बोलल्या की दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर माणसं दोन बाजूंना वाटली गेली. कोणी म्हणालं दोरा शेवटी ढिला होता, म्हणजे बिलकुल पक्कं नाही. मी विचारलं, सर, कसा वाटला? तर म्हणाले, "मी सिनेमा पाहिलाच न्हाई गं. मी दारात बसून लोकं पाहत होतो. माझ्या पोरीचं काम लोकं कसं पाहतात ते पाहायचं होतं मला." आणि मग चष्मा पुसत बसले. हे तुला सांगू नको म्हणाले होते, म्हणून पहिलं हेच लिहायचं ठरवलं होतं, मागे राहिलं.

पण मला या सगळ्यांच्या मतांचं काय करायचं होतं? मला एकाच माणसाचं मत हवं होतं आणि तो माणूस गप्प. घरी आलो, जेवलो, हे गप्प. दुसऱ्या दिवशी गप्प. तसे ते नेहमीच गप्प असतात, पण अठरा वर्षांत मला यांच्या गप्प बसण्याचे प्रकार कळायला लागलेत, आणि हा त्यातला नव्हता. त्यात गावाने छळ मांडला. स्टँडवरच्या हॉटेलात यांनी पाय ठेवला की, "मच्छिंद्र, साय काढू का राहू देऊ?" यांनी तिकडे जाणंच सोडलं. मला वाटलं, झालं, माणूस दुखावला. मी यांचं हसं करून ठेवलं. सिनेमात यांना घेतलं हीच चूक झाली असं म्हणून मी तुझ्यावर चिडले, मग तुझा कॅमेरा बघून हुरळून गेलेल्या माझ्यावर चिडले. एकदा हिंमत करून विचारलं, सिनेमा आवडला नाही का तुम्हाला? तर म्हणाले, "पाहू दे." अगं, पाहून तर झाला होता!

आणि तुझ्या ओळीचा सराव मात्र चालू होता. यांनी तुला शब्द दिलेला, आणि शब्द म्हणजे शब्द. परवा मी शेडनेटमध्ये मागच्या बाजूने शिरले तर काय बघते, कल्याण डोक्यावर टॉवेल घेऊन नायिका झालाय आणि हे त्याच्यासमोर ताठ उभे. "तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून." कल्याण म्हणतो, "भाऊ, ग्रामसभेत ठराव मांडून राह्यला का? जरा मान वर करून, मनातून." पुन्हा म्हणाले. कल्याण लाजून दाखवायला गेला तर यांना हसू फुटलं, आणि मी मिरचीच्या ओळीत खाली बसून पदर तोंडात कोंबला. याच कल्याणची बायको रुसून जाफराबादला माहेरी गेली होती, ठाऊक आहे ना? सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी तो तिला आणायला गेला. गाणं नाही, मारामारी नाही म्हणून बोंबलणारा माणूस! मी विचारलं, काय म्हणालास रे तिला? तर म्हणाला, "काही न्हाई म्हणलो. गेलो अन् बसलो. तुमच्या सिनेमात बी कोण काय म्हणतंय." ती आली. गाडीवर मागे बसून, हसत. तुझ्या त्या थिएटरवाल्यांना हे सांग.

आता काल सकाळचं. पावडर लावून आम्ही बायका शेडनेटमधून आलो. रोज आल्याबरोबर मी चहा ठेवते. काल घरात आले तर हे चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढेच गं, ओट्यावर वाकून उभे. चहा करून दोन कपांत ओतलेला, आणि हे त्या कपांकडे टक लावून बघतायत. मी म्हटलं, काय झालं? बोटानेच थांब म्हणाले. थोड्या वेळाने दोन्ही कपांवर साय धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज काढतीस?" मी म्हटलं, हो. "कधीपासून?" म्हटलं, आल्यापासून. "मला वाटायचं आपल्या म्हशीच्या दुधाला सायच धरत न्हाई," म्हणाले. "लोकायला सांगत आलो मी, हाटेलचा चहा नको, आमच्या घरच्या चहाला साय येत न्हाई." अक्षता, मी हसू का रडू मला कळेना. एवढी वर्षं मी यांच्याकडे पाठ करून साय काढत आले आणि यांना तुझ्या पडद्यावर दिसली. म्हणून उठून गेले होते बाहेर. लोक हसले म्हणून नाही. नळावर तोंड धूत उभे होते, म्हणाले.

मग विचारलं, "मंग ती साय जाती कुठं?" मी म्हटलं, माझ्या पोटात, मला आवडते. तू आठव, शाळेत असताना मी माहेरच्या धावड्याहून लवकर आले की काकू आपल्या दोघींना चहा द्यायच्या आणि सायीवरून आपलं भांडण व्हायचं. पण माझं बोलणं पुरतं व्हायच्या आतच यांनी माझ्या कपावरची साय बोटाने काढलीसुद्धा होती. बोट भाजलं, अर्धी साय कपातच बुडाली, पण काढली आणि कप माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी. मी तो चहा घेतला, बिनसायीचा. आता आयुष्यभर तसाच घ्यावा लागणार, दिसतंयच. आणि मी कप तोंडाला लावला तेव्हा हे बोलले. तुझी ओळ नव्हती. तुझ्या ओळीपेक्षा लहान होती, आपल्या बोलीतली, आणि मान वर करून म्हटलेली.

ते काय म्हणाले हे मी तुला सांगणार नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. दिवाळीनंतर कॅमेरा घेऊन येऊ नकोस. लोकांना शेवट कळला की नाही विचारशील, तर कोणाला लग्न कळलं, कोणाला ताटातूट, कोणी उठून बायकोला आणायला गेलं. रिकाम्या हाताने कोणी बाहेर आलं नाही. दोरा आहे तसा राहू दे, ढिला तर ढिला. यांची ओळ पाठ आहे, आणि शब्द दिलाय म्हणून हे दिव्यासमोर उभं राहून म्हणतीलही, काठीला माइक बांधून तुझा तो माणूस डोक्यावर उभा असतानाही म्हणतील. पण मला ते नकोय. आवडत असल्याचं या माणसाने जन्मात एकदा तोंडाने सांगितलं आणि ते मला सांगितलं, तिकीट काढून आलेल्या लोकांना नाही. तू नुसती ये, काकूंकडे दोन दिवस राहा, माझ्याकडे चहाला ये. आता माझ्या कपावरची साय शिल्लक राहणार, ती तुझी. आणि थिएटरवाले फारच मागे लागले, तर सरळ सांग त्यांना, नायक तयार होता हो, पण त्याच्या बायकोने परवानगी दिली नाही.

तुझीच, आणि कालपासून जरा जास्तच हसणारी,
वंदना